स्पीकरची लाकडी पेटी : जाड प्लाय घ्यावा की आतून आधार द्यावेत?

जुना_डग्गा | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतर हाताला काही काम असावे म्हणून स्पीकरच्या दोन पेट्या घरीच करवून घ्यायचे ठरवले आहे. खालच्या स्वरांसाठी बारा इंची वूफरची जोडी आणि वरच्या स्वरांसाठी ट्वीटर आणून ठेवले आहेत. सध्या घरात आहेत त्या तयार घेतलेल्या जुन्या पेट्या. त्यांच्या भिंती भुशाच्या दाबीव फळीच्या असून डग्ग्याचा घुमारा आला की त्याच्याबरोबर पेटीही बोलू लागते. उजव्या पेटीवर चष्मा ठेवला, तर एक द्रुत संपेपर्यंत तो कडेपर्यंत सरकत येतो.

नव्या पेटीची आतली मापे उंची ६० सेंमी, रुंदी ३६ सेंमी आणि खोली ३२ सेंमी अशी ठरवली आहेत. पुढे हवेसाठी एक गोल नळी असेल. प्रश्न दोन आहेत. आमचे सुतार म्हणतात की १८ ऐवजी २५ मिमीचा प्लाय घ्या, आत पट्ट्या ठोकून काही उपयोग नाही, उलट हवेची जागा कमी होईल. मी मात्र अनेक ठिकाणी वाचले आहे की आतले आधार, ज्याला ब्रेसिंग म्हणतात, तेच महत्त्वाचे असतात. खरे काय?

दुसरा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा उतरवला तेव्हा सव्वा इंच जाडीच्या सागवानी फळ्या निघाल्या. त्यांतल्या आठ माझ्या वाट्याला आल्या. प्लाय न वापरता पूर्ण पेटीच या सागवानाची करावी असे मनात आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धरमपेठी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

तुमचे सुतार बरोबर सांगत आहेत. मी १९ मिमीचे दोन थर चिकटवून ३८ मिमीच्या भिंती केल्या आणि विषय संपवला. आत एकही पट्टी नाही. पेटी उचलायला दोन माणसे लागतात, पण ती उचलायची कशाला?

अनुनाद | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३५

धरमपेठींची पेटी शांत असेल याविषयी मला शंका नाही, पण त्यांनी त्यासाठी मोजलेले लाकूड आणि वजन पाहता हा मार्ग सर्वांना सांगावा असे वाटत नाही.

पेटीची प्रत्येक भिंत ही कडांना धरलेली एक फळी असते आणि तिला स्वतःची अशी एक वारंवारता असते, जिच्यावर ती सहज थरथरते. ही वारंवारता जाडीच्या प्रमाणात वाढते, परंतु आधारांमधले अंतर कमी केले की ती त्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे अंतर निम्मे तर वारंवारता चौपट. सगळे मर्म या एका वाक्यात आहे. जुना_डग्गा यांच्या पेटीची मागची भिंत, म्हणजे ६० बाय ३६ सेंमीची फळी, उदाहरणादाखल घेऊ. १८ ऐवजी २५ मिमी प्लाय वापरला तर तिची वारंवारता सुमारे १.४ पट होते आणि वजनही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. त्याऐवजी १८ मिमीच्याच फळीला मधोमध आडवा आधार दिला, म्हणजे तिचे ३० बाय ३६ चे दोन भाग केले, तर वारंवारता १.८ पट होते. आणि तोच आधार उभा, फळीच्या लांबीला समांतर दिला, म्हणजे ६० बाय १८ चे दोन भाग केले, तर ती ३.२ पट होते!

हे आकडे आधार पुरेसा ताठ आहे असे गृहीत धरून काढले आहेत. प्रत्यक्षात फायदा याहून थोडा कमी मिळेल. तरीही दिशा स्पष्ट आहे. बहुतेक जण आडवी पट्टी ठोकतात, कारण ती लहान असते आणि बसवायला सोपी जाते. खरे तर लांब फळीला लांबीच्या दिशेने आधार हवा असतो.

आणखी एक गोष्ट. पट्टी आडवी निजवून चिकटवू नये, धारेवर उभी करून चिकटवावी. १८ बाय ४५ मिमीची पट्टी धारेवर उभी केली, तर ती निजवलेल्या पट्टीच्या सव्वासहा पट ताठ असते. घराच्या छताची कडी कधी निजवलेली पाहिली आहे का? तुमच्या महालातल्या वाड्यातही ती उभीच असणार.

धरमपेठी | १२ फेब्रुवारी, दुपारी २:१०

गणित मान्य आहे. परंतु माझी पेटी आता उघडता येत नाही, त्यामुळे मत बदलणे परवडणारे नाही.

लाकूडवेडी | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४५

जुना_डग्गा काका, सागवानाच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण लाकडी सामान घडवणे हाच माझा व्यवसाय आहे. उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीत वाढते आणि आटते. सागवान इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी हलते, पण हलतेच. आणि आपल्या नागपूरची हवा म्हणजे लाकडाची परीक्षाच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हवा इतकी कोरडी होते की जुन्या दारांच्या फळ्यांमधून उजेड दिसतो; जुलैत तीच दारे फुगून चौकटीत अडकतात. जुन्या सुतारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते दाराच्या चौकटीच्या खाचेत मधली फळी न चिकटवता सैल बसवत असत, म्हणजे तिला आटायला आणि फुगायला जागा राहील. दारासाठी ही रीत अगदी योग्य आहे. स्पीकरच्या पेटीत मात्र सैल बसवलेली फळी म्हणजे एक कायमचा खुळखुळा. आणि ती पक्की चिकटवली, तर दोन उन्हाळ्यांत ती कुठेतरी तडकेल किंवा सांधा तरी उघडेल.

प्लायमध्ये प्रत्येक थराचे तंतू आधीच्या थराला काटकोनात असतात, त्यामुळे तो दोन्ही दिशांना जवळजवळ स्थिर राहतो. भिंतींसाठी तोच घ्यावा. मात्र तुमच्या फळ्या वाया जाऊ देऊ नका. त्या चिरून आतल्या आधारपट्ट्या आणि कोपऱ्यांतल्या गुट्ट्या करा. पट्टी ४५ मिमी रुंदीची असेल तर तिचे रुंदीतले आटणे नगण्य असते, आणि लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आटतच नाही. शिवाय इतकी वर्षे वाळलेले सागवान आजच्या बाजारात कुठे मिळणार? दर्शनी बाजूला हवी तर त्याचीच पातळ चौकट लावा, म्हणजे वाड्याची आठवण डोळ्यांसमोर राहील.

संत्रा_बर्फी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सागवानाचा विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड आपल्या बल्लारपूरकडून गेले आणि नव्या संसद भवनाचे सागवानही नागपूरहूनच गेले. आणि आपण ते स्पीकरच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी लपवायला सांगत आहात!

लाकूडवेडी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३१

घराचा पायाही कोणाला दिसत नाही.

वडसेकर | १३ फेब्रुवारी, पहाटे ४:५०

वेळ पाहून आश्चर्य वाटून घेऊ नये. आत्ताच प्रयोग संपवून सामान गाडीत भरले आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना ध्वनियंत्रणा पुरवणे हा आमचा धंदा असल्यामुळे हंगामात आमची रात्र पहाटेच संपते.

घरची पेटी आयुष्यभर एका जागी उभी राहते. आमची पेटी रोज संध्याकाळी उतरते, रात्रभर दवात उभी राहते आणि पहाटे पुन्हा गाडीत चढते. त्यामुळे आमच्यासाठी पेटी मजबूत असणे म्हणजे केवळ ती न थरथरणे नव्हे, तर ती न उसवणेही असते. या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो, त्या घरच्या पेटीलाही लागू पडतील.

पहिली गोष्ट प्लायच्या पोटाची. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या प्लायच्या मधल्या थरांत पोकळ्या असतात, आणि नेमकी पोकळी वूफरच्या मागे आली की तिथला सुटा तुकडा असा काही वाजतो की माणूस आठ दिवस वूफरलाच दोष देत बसतो. लकडगंजात प्लाय घ्यायला जाल तेव्हा शीटच्या चारही कडा डोळ्यांनी पाहा आणि शीट उभी करून बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून पाहा. माठ घेताना जसा कान देता, तसाच इथेही द्यावा. आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घेतला तर त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही आणि गाभाही सहसा भरीव असतो, परंतु शिक्का आहे म्हणून ठोकून पाहणे सोडू नये.

दुसरी गोष्ट खिळ्यांची. खिळा हा फक्त गोंद वाळेपर्यंत फळी धरून ठेवण्यासाठी असतो. पेटीला खरी पकड गोंदाची असते आणि कायमचा दाब स्क्रूचा. केवळ चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून केलेल्या पेट्या मी एका हंगामात खिळखिळ्या झालेल्या पाहिल्या आहेत.

तिसरी गोष्ट वूफर बसवण्याची. लाकडात स्क्रू पिळून बारा इंची वूफर टांगू नका. मागच्या बाजूने टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारी आट्यांची नट, बसवा आणि पुढून बोल्ट आवळा, म्हणजे दहा वेळा काढला-घातला तरी भोक झिजणार नाही.

जुना_डग्गा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

वडसेकरजी, प्रयोगाहून येऊन झोपण्याआधी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. लाकूडवेडी ताई, तुमचे उत्तर खरोखरच आवडले नाही, पण पटले. उद्याच सुतारांना दाखवतो.

मीटरवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

मी थोडा विरोधी सूर लावतो. भिंत जितकी ताठ तितकी चांगली, हे इथे सर्वांनी गृहीत धरले आहे. ते तपासून पाहिले पाहिजे.

बीबीसीच्या अभियंत्यांनी नेमका उलटा मार्ग घेतला होता. त्यांचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आजही लोक जपून ठेवतात. त्याच्या भिंती केवळ १२ मिमी बर्च प्लायच्या असून आतून त्यांवर डांबरी थर चिकटवलेले आहेत. १९७७ साली बीबीसीच्या संशोधन विभागाने पेट्यांच्या भिंतींवर स्वतंत्र अहवालच काढला. त्यांचा युक्तिवाद असा होता की आधार देऊन तुम्ही थरथर नाहीशी करत नाही, तिला फक्त वरच्या वारंवारतेकडे ढकलता, आणि आपला कान तिथे अधिक तीक्ष्ण असतो. त्यापेक्षा भिंत पातळ ठेवून तिच्यावर ऊर्जा गिळणारा जड, मऊ थर लावावा, म्हणजे थरथर खालच्या पट्टीत राहते आणि लवकर विझतेही. भांडे वाजवले आणि लगेच त्यावर तळहात ठेवला तर जे होते, तेच हे.

तेव्हा जुना_डग्गा यांनी आधारांच्या मागे लागण्यापूर्वी हा विचारही करावा.

अनुनाद | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:५५

मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळला होता, हे मान्य करतो. पण ज्या पेटीचे उदाहरण तुम्ही दिले, तिची उंची जेमतेम ३० सेंमी आहे आणि तिच्यात बारा इंची वूफर तर सोडाच, बशीएवढाही शंकू, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, नाही. तिच्या लहान भिंती १२ मिमीच्या असूनही आकारामुळेच बऱ्यापैकी ताठ आहेत. हीच रीत ६० बाय ३६ च्या भिंतीला लावली आणि आत बारा इंची शंकू हवा ढकलू लागला, तर भिंत डांबराला न जुमानता फुगेल आणि आत जाईल.

दुसरे असे की थरथर वर ढकलली जाते हे खरे, पण वर गेल्यावर तिला चेतवणारे कोण आहे? या वूफरला आपण वरच्या स्वरांपासून क्रॉसओव्हरने, म्हणजे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटने, तोडतोच. शिवाय ताठ भिंत वर थरथरली तरी तिची हालचाल फार लहान असते. म्हणूनच १९८० च्या दशकात बॉवर्स अँड विल्किन्सने पेटीच्या पोटात एकमेकांत गुंफलेल्या फळ्यांची जाळीच बसवली आणि तिला मॅट्रिक्स असे नाव दिले. अंड्यांच्या खोक्यात जशा उभ्या-आडव्या पुठ्ठ्यांच्या भिंती असतात, तशी ती रचना होती. तेही इंग्रजच, आणि त्यांनाही बीबीसीचा मार्ग माहीत होता.

मीटरवाला | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

क्रॉसओव्हरचा मुद्दा पटला. तरीही आधार दिल्यावर उरलेल्या मोकळ्या भागांवर जड थर लावायला हरकत नसावी. दोन्ही उपाय एकमेकांचे शत्रू नव्हेत.

अनुनाद | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२४

मुळीच हरकत नाही. फक्त छतावर घालतात तो डांबरी फेल्ट नागपुरात वापरताना मे महिना आठवावा. माझ्या एका मित्राच्या पेटीत तो वितळून नळीतून वास येत असे. मोटारीच्या पत्र्याला लावतात ते तयार थर बरे.

कापूसवाला | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

एक भाबडा प्रश्न विचारतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. जुन्या गादीचा कापूस पिंजून पेटीत भरला तर भिंती शांत होणार नाहीत का?

मीटरवाला | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

होणार नाहीत. कापूस, लोकर, काचलोकर यांचे काम निराळे आहे. ती पेटीतल्या हवेत इकडून तिकडे आपटणारे मधले स्वर शोषून घेतात. लाकडाच्या थरथरीला त्यांचा काही उपद्रव नाही आणि उपकारही नाही. नळी असलेल्या पेटीत कापूस दाबून भरू नये, मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर इंचभर जाडीचा थर कापडात शिवून लावावा. अन्यथा तो गोळा होऊन नळीच्या तोंडाशी येतो आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला बाहेर डोकावतो.

संत्रा_बर्फी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

कोणीही एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबीव फळीचे, नाव घेतले नाही म्हणून माझी फजिती सांगतो. एमडीएफ एकसंध असते, त्यात पोकळ्या नसतात, कापायला गुळगुळीत आणि जडही, हे सर्व वाचून मी चार वर्षांपूर्वी त्याच्या पेट्या केल्या. आवाज उत्तम लागला. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीत नेहमीप्रमाणे कूलर बसला आणि डावी पेटी नेमकी त्याच्या झोतात आली. जून उजाडेपर्यंत तिचा तळ पावासारखा फुगला होता आणि तळाकडचा स्क्रू बोटाने उपटून निघाला. उजवी पेटी आजही ठणठणीत आहे. आता डावीकडून सनईला सर्दी झाल्यासारखी ऐकू येते.

ज्या घरात चार महिने कूलर चालतो, तिथे एमडीएफ वापरायचे असेल तर तळाला आणि कापलेल्या प्रत्येक कडेला आधी सीलर पाजावा आणि पेटी पायांवर उभी करावी. नाहीतर सरळ प्लाय घ्यावा.

जुना_डग्गा | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मंडळी, सुतारांशी दोन तास चर्चा झाली. अनुनाद यांचे १.४, १.८ आणि ३.२ हे आकडे त्यांना वाचून दाखवले. ते काही वेळ शांत राहिले आणि म्हणाले, "मग दाराला मागून पट्टी उभीच मारतो की आपण, हे आधी सांगायचे होते."

आता आराखडा असा ठरला आहे. भिंती १८ मिमी मरीन प्लायच्या राहतील आणि पुढची भिंत दोन थरांची, ३६ मिमीची होईल. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लांबीच्या दिशेने प्रत्येकी एक सागवानी पट्टी धारेवर उभी बसेल. वूफरच्या वर, पण बरोबर मध्यावर न येता, चारही भिंतींना धरणारी खिडकीसारखी कोरलेली एक आडवी फळी असेल. वूफरच्या खालच्या बाजूला दोन्ही कुशींच्या पट्ट्यांना जोडणारा एक सागवानी दांडा राहील.

हवेचा हिशेबही मांडला आहे. एकूण जागा ६९ लिटर. त्यातून वूफरचे ३ लिटर, नळीचे दीड लिटर आणि सर्व आधारांचे अडीच लिटर वजा केले की ६२ लिटर उरतात. म्हणजे सुतारांना ज्या जागेची काळजी होती, ती सगळे आधार मिळून चार टक्क्यांहूनही कमी भरते. नळी ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपची, १५ सेंमी लांब ठेवीन. काही चुकत असल्यास सांगावे.

अनुनाद | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

आराखडा उत्तम आहे. तो दांडा विशेष आवडला. खालच्या स्वरांना आतली हवा दोन्ही बाजूंना एकाच वेळी बाहेर ढकलते, त्यामुळे समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बांधल्या की दोघींचेही बळ एकमेकींविरुद्ध खर्ची पडते. आडव्या फळीची खिडकी मात्र मोठी कोरा, निम्म्याहून अधिक भाग मोकळा ठेवा, नाहीतर एका पेटीत दोन खोल्या होतील.

पुढच्या भिंतीत वूफरचे भोक पाडल्यावर त्याची आतली कड तिरपी तासायला विसरू नये. ३६ मिमी जाडीत ते भोक म्हणजे बोगदाच होतो आणि शंकूच्या मागच्या हवेची वाट अडवतो.

तुमच्या मापांवर नळीचा स्वर, म्हणजे ज्या स्वराला तिच्यातली हवा घुमते तो, ४२-४३ हर्ट्झच्या आसपास येतो. गंमत म्हणजे उष्ण हवेत ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे जानेवारीतला हा स्वर मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ २ हर्ट्झने चढलेला असेल. तंबोऱ्याप्रमाणे पेटीही ऋतूनुसार लावावी लागते असे म्हणायला हरकत नाही, पण कानाला हा फरक कळणार नाही.

रंधा_पटाशी | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, म्हणून आता कागदावरून लाकडाकडे येतो. पेटी आराखड्यात बिघडत नाही, जोडताना बिघडते.

आडव्या फळीला भिंतींमध्ये नुसती टेकवू नका. भिंतींत ५-६ मिमी खोल खाच घेऊन त्यात ती बसवा आणि कोपऱ्यांना पताम, म्हणजे कडेची पायरीसारखी खाच, काढा, म्हणजे गोंदाला दुप्पट जागा मिळते आणि फळी चिकटवताना सरकत नाही. जोडताना प्रत्येक टप्प्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर गोंद ओला असतानाच पेटी दाबून सरळ करा. गोंद वाळल्यावर कर्ण मोजणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहणे.

गोंद दोन्ही बाजूंना लावा. शिकंजा (क्लॅम्प) आवळल्यावर सांध्यातून गोंदाचे थेंब रांगेने बाहेर आले पाहिजेत, तरच आत तो सगळीकडे पोहोचला असे समजावे. पुरेसे शिकंजे नसतील तर सुती दोर दोन फेरे गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ द्या, बैलगाडीवर कडबा आवळतात तसा. फक्त दोराखाली कोपऱ्यांना पुठ्ठा ठेवा. आणि हे काम मार्चअखेरपर्यंत उरका. एप्रिल-मे मध्ये दुपारी गोंद लावला तर दुसरी फळी आणेपर्यंत त्यावर साय धरते; त्या सायीवर चिकटवलेला सांधा हाताला पक्का लागतो, पण वाजायला लागला की उघडतो. उन्हाळ्यात काम करावेच लागले तर पहाटे करावे.

शेवटी सर्व आतल्या सांध्यांवरून बोटाने गोंदाची एक कड फिरवा. पेटी हवाबंद झाली की नाही हे पाहायला नळी कापडाने बंद करून शंकू हलक्या हाताने आत दाबा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे. लगेच परत आला तर पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवत कोणाला तरी शंकू हलवायला सांगा. धूर जिथे हलेल तिथे भोक आहे.

धरमपेठी | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

उदबत्तीचा प्रयोग आत्ताच केला. ३८ मिमीच्या भिंती असूनही मागच्या तारेच्या भोकातून धूर हलतो आहे. घरच्यांनी विचारले की स्पीकरची पूजा कधीपासून सुरू केली.

जुना_डग्गा | ९ जुलै, सकाळी ८:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा वर आणत आहे. पेट्या मार्चअखेर तयार झाल्या. प्लायची शीट निवडताना लकडगंजातल्या दुकानदाराने माझे ठोकणे पाहून "कलिंगड घ्यायला आलात का," असे विचारले, पण तिसऱ्या शीटमध्ये कडेलाच बोटभर पोकळी निघाली तेव्हा तोही गप्प झाला.

आवाजाबद्दल काय सांगू. डग्गा आता पेटीतून नव्हे, पेटीच्या पुढून येतो. खर्जातला पुरुषी आवाज पूर्वी नळातून आल्यासारखा वाटायचा, तो स्वच्छ झाला. मोबाइलवरून १०० ते ६०० हर्ट्झपर्यंत सलग सूर सोडून भिंतींवर तळहात ठेवला. डाव्या पेटीत कुठेही विशेष थरथर जाणवली नाही.

उजवी पेटी मात्र ११० हर्ट्झच्या आसपास बारीक कुरकुरते. वूफर काढून आत हात घातला तेव्हा कळले की दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा एका टोकाला हलतो. उन्हाळ्यात लाकूड आटले असावे असे वाटते. आता पेटी न उघडता काय करावे?

लाकूडवेडी | ९ जुलै, सकाळी ९:५५

काका, उन्हाळ्याला दोष देऊ नका. सागवान लांबीच्या दिशेने इतके कमी आटते की ३० सेंमीच्या दांड्यात ते मोजताही येणार नाही. दांडा कापतानाच दोन मिलिमीटर आखूड झाला असणार, आणि उरलेली फट गोंदाने भरून बिनडोक्याचा खिळा ठोकला गेला असणार. फट भरणे हे या गोंदाचे काम नव्हे. वाळल्यावर तो आक्रसतो.

जुना_डग्गा | ९ जुलै, सकाळी १०:३०

सुतारांना फोन केला. दांडे कापले त्या दिवशी ते स्वतः नव्हते, त्यांचा पुतण्या होता. तुमचे निदान अचूक आहे.

रंधा_पटाशी | ९ जुलै, दुपारी १:०५

मग उपाय सोपा आहे. बारा इंची वूफरचे भोक साधारण २८ सेंमीचे असते, त्यातून हात खांद्यापर्यंत जातो. खिळा दिसत असेल तर पक्कडीने काढून घ्या. उरलेल्या सागवानातून दोन पातळ पाचरी करा, दोन्हींचा उतार सारखाच ठेवा. त्यांना एपॉक्सी लावून फटीत एक वरून आणि एक खालून अशा समोरासमोर सरकवा आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडीने हलके ठोका. एकच पाचर ठोकली तर ती दांड्याचे टोक बाजूला ढकलते. दोन समोरासमोर असल्या की दाब सरळ राहतो.

कुठे थांबायचे हे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या हाताने पेटीच्या बाहेरच्या भिंतीवर पेराने ठोकत राहा. पोकळ आवाज बदलून भरीव झाला की त्याच क्षणी थांबा. त्यापुढे ठोकाल तर भिंत बाहेर फुगेल आणि दुसऱ्या टोकाचा चांगला सांधा सुटेल.

जुना_डग्गा | १२ जुलै, सायंकाळी ७:२०

आज काम पूर्ण केले. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला, चौथा मारण्याचा मोह झाला, पण थांबलो. चोवीस तास एपॉक्सी वाळू दिले आणि मग ११० हर्ट्झचा सूर पाच मिनिटे सोडून ठेवला. कुरकुर गेली आहे. सुतारांचा पुतण्या स्वतः पाहायला आला होता. त्याने डाव्या पेटीचा दांडाही हलवून पाहिला, तो पक्का निघाला.

सागवानाच्या आठपैकी पाच फळ्या अजून शिल्लक आहेत.

वडसेकर | १२ जुलै, रात्री १०:४५

अभिनंदन. महिन्याभराने वूफरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. वूफरच्या कडेखालच्या गॅस्केटचा फोम दबला की ते थोडे सैल पडतात, आणि मग माणूस पुन्हा दांड्यावर संशय घेतो.